कंपनीत 'वेलनेस' करायचंय, सहा लाख मिळालेत. कशावर घालू?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मध्यम कंपनीत एचआर बघतो. छोटी फाउंड्री, फेटलिंग (ओतीव माल ग्राइंडरनं घासून साफ करायचं खातं), मशीन शॉप आणि पॅकिंग. कायम आणि ठेक्यावरचे मिळून दोनशेच्या आसपास माणसं. आमचा माल ज्या परदेशी गिऱ्हाइकाकडे जातो, त्यांच्या ऑडिटच्या फॉर्मात यंदा 'एम्प्लॉयी वेलनेस प्रोग्राम' हा नवा रकाना आलाय. साहेबांनी सहा लाख मंजूर केले आणि "बघ कायतर चांगलं" म्हणून फाइल माझ्याकडे सरकवली.

तीन व्हेंडर येऊन गेले. एकाचं अ‍ॅप आहे: पावलं मोजायची, महिनाअखेर पहिल्या तिघांना बक्षीस. दुसरा शनिवारी योगा आणि झुंबा घेणार. तिसऱ्याचं 'फुल बॉडी चेकअप', त्यात बावन्न का बासष्ट टेस्ट. तिघांच्याही पीपीटीत हसरी माणसं एसीत बसलेली. आमच्याकडे एसी फक्त सीएमएम (मापं तपासायचं मशीन) रूममध्ये आहे, तोसुद्धा मशीनसाठी.

पैसे वाया जाऊ नयेत आणि माणसांना खरंच उपयोग व्हावा, असं काय करता येईल? बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात कुणी केलं असेल तर सांगा. फॅक्टरीत काम करणाऱ्यांनी तर लिहाच.

पगारवाढ_हीच_पूजा

सहा लाख भागिले दोनशे. माणशी तीन हजार. वाटून टाका. संपला धागा.

फेटलिंगवाला

मी फेटलिंगलाच आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या कंपनीत. आता लाइनवर उभारत नाही, सुपरवायझर आहे. म्हणून लिहालोय.

झुंबा कशाला वो? सकाळी सातला ग्राइंडर हातात धरलेला माणूस तीनला सोडतो, तोवर त्याचे खांदे झुंबाच करालेले असतात. तुम्ही एक करा. शिफ्ट सुटायच्या टायमाला फेटलिंगच्या दारात जाऊन उभारा. काय दिसेल सांगतो. पोरं एअरची पाइप घेतात आणि अंगावरची धूळ उडवतात. पहिल्यांदा स्वतःच्या, मग एकमेकांच्या पाठीवरची. शर्ट पांढरा होता तो परत निळा दिसालाय म्हणून खूष. आणि ती सगळी धूळ तिथंच चार माणसांच्या नाकात. घरी बायको ओरडू नये म्हणून करतात, आमच्यात कुणाला वाईट सवय वाटत नाही.

डस्ट कलेक्टर आमच्याकडे आहे. धूळ ओढणारा हूड पण आहे. पण डक्टमध्ये, म्हणजे धूळ नेणाऱ्या नळीत, वाळू बसली की ओढ कमी होते, आणि आवाज मात्र तोच येतो, म्हणून साहेबांना वाटतंय चालू आहे. हूडच्या तोंडाला एक कागदाचा तुकडा धरा. चिकटला तर चालू. खाली पडला तर वेलनेस तिथनं सुरू करा.

व्हॅक्सिनडेपो

मी बेंगळुरूच्या आयटी कंपनीसाठी टिळकवाडीत घरी बसून काम करतो. तुमचं पहिलं अ‍ॅप आमच्याकडे येऊन गेलं. माझ्या टीममधला एक जण कायम पहिल्या तिघांत असायचा. नंतर कळलं, त्याचा फोन संध्याकाळी भाच्याच्या खिशात असतो आणि भाचा लेले मैदानावर फुटबॉल खेळतो.

अवांतर: ते रोज दहा हजार पावलांचं प्रकरण कुठल्या डॉक्टरनं काढलेलं नाही. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. आकडा तिथून आला. नंतरच्या अभ्यासांत फायदा त्याच्या बऱ्याच आधीपासून दिसायला लागतो. चालणं चांगलंच, मी स्वतः रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जातो. पण तुमच्या मोल्डिंगवाल्याला पावलांची कमतरता असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे 'माइंडफुलनेस सेशन' पण असायचं. दुपारी एकला. जेवणाच्या सुट्टीत. हजेरी कंपल्सरी.

आकडेमोड_अथणी

धागाकर्त्याने व्हेंडरला एकच प्रश्न विचारावा: "कुणाला प्रोग्राम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या अभ्यासात तुमच्या प्रोग्रामचा फायदा दिसलाय का?"

ही पार्श्वभूमी बघा. २०१० साली हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की वेलनेसवर घातलेल्या एका डॉलरमागे औषधोपचाराचे सव्वातीन डॉलर वाचतात. तो आकडा आजही प्रत्येक व्हेंडरच्या पीपीटीत असतो. पण त्याच लेखकांपैकी दोघांनी, झिरुई सॉन्ग आणि कॅथरीन बेकर यांनी, पुढे स्वतःच कडक चाचणी घेतली. अमेरिकेतल्या बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीची १६० ठिकाणं, जवळपास ३३ हजार कामगार. चिठ्ठी टाकून २० ठिकाणी प्रोग्राम, बाकीच्या ठिकाणी काही नाही. दीड वर्षानं मोजलं. प्रोग्रामवाले "आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे बघतो" असं जास्त सांगत होते. पण बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, वजन, खाडे, दवाखान्याचा खर्च, कशातच नाव घेण्यासारखा फरक नव्हता. हे २०१९ मध्ये छापून आलं.

त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाचा, तिथल्याच सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. त्यांनी नेमकी मेख सांगितली: प्रोग्रामला नाव नोंदवणारे लोक मुळातच जास्त निरोगी आणि कमी खर्चाचे असतात. मग नोंदवणारे आणि न नोंदवणारे यांची तुलना केली की प्रोग्राम भारी वाटतो. भारी माणसं असतात, प्रोग्राम नव्हे.

मनाच्या आरोग्याचंही तेच. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी पाहिले (२०२४). अ‍ॅप, ताणमुक्तीचं ट्रेनिंग, ध्यान, हे घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे नव्हते. त्यांचं म्हणणं, माणूस बदलण्यापेक्षा काम बदला: वेळापत्रक, कामाचा बोजा, पगार, साहेबाची वागणूक.

फेटलिंगवाल्यांनी कागदाच्या तुकड्यात सांगितलं तेच हे.

उद्यमबागकर

सगळ्यांचे आभार. फेटलिंगवाले, आज कागद धरून आलो. एका हूडला चिकटला, दोन हूडना नाही. मेंटेनन्सवाला म्हणाला "चालू आहे की सर, आवाज येतोय की."

अडचण अशी की ऑडिटरला फोटो लागतात. डक्ट साफ केल्याचा फोटो वेलनेसच्या रकान्यात चालेल का?

पगारवाढ_हीच_पूजा

डक्टला हार घालून काढा.

शहापूरचा_डॉक्टर

मी काही कंपन्यांत तपासणीला जातो, म्हणून थोडं सविस्तर.

बावन्न टेस्टचा मोह सोडा. दोनशे निरोगी माणसांच्या बावन्न टेस्ट केल्या की कुणाचं तरी काहीतरी रेषेच्या बाहेर येणारच. मग तो बिचारा पुढच्या टेस्ट करत फिरतो. बीपी, साखर, कंबर, डोळे, आणि तोंड उघडून जबड्याची तपासणी, एवढं सगळ्यांना पुरे. भट्टी आणि ग्राइंडरपाशी मावा, गुटखा, गायछाप किती चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन्ही हात कामात, विडी ओढता येत नाही, म्हणून गालात. गुटख्याला कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. सोडायची इच्छा असणाऱ्याला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा फुकट नंबर द्या.

कामाप्रमाणे वेगळी तपासणी महत्त्वाची. फाउंड्री आणि फेटलिंगला छातीचा एक्स-रे आणि श्वासाची चाचणी, ग्राइंडिंग आणि प्रेसला कानाची. डोळ्याला दिसते ती धूळ बहुतेक नाकातच अडकते. फुप्फुसात खोल जाते ती सिलिकाची बारीक धूळ, ती दिसत नाही आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने थांबतही नाही. सिलिकोसिस झाला की बरा होत नाही, आणि त्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. एक्स-रेत डाग दिसला की टीबीची औषधं सुरू होतात आणि "काम काय करता?" हे कुणी विचारतच नाही, असे पेशंट मी पाहिलेत. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात हा रोग होता, आता नव्या लेबर कोडमध्येही (कामगार कायद्यात) आहे, म्हणजे आढळला तर कळवणं बंधनकारक, व्यवस्थापनाला आणि डॉक्टरलाही.

आता खरी गोष्ट. शिबिराच्या दिवशी बीपी वाढलेलं निघतं, कागद हातात देतात, आणि वर्षभर कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी तेच बीपी, त्याच माणसाचं, नव्या कागदावर. तुम्ही पैसे टेस्टवर कमी आणि परत बोलावण्यावर जास्त घाला. महिन्यातून दोनदा एक नर्स आणि बीपीचं मशीन, शिफ्ट बदलताना अर्धा तास. गोळी चालू आहे का, संपली का, एवढंच विचारायचं. ह्यात झुंबासारखा फोटो येत नाही.

आणि रिपोर्ट एचआरच्या टेबलावर नकोत. एका ठिकाणी नावासकट यादी सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती, पुढच्या वर्षी निम्म्या लोकांनी तपासणीच्या दिवशी रजा टाकली. कंपनीला फक्त आकडे द्या: इतक्यांचं बीपी, इतक्यांचं ऐकणं कमी. नावं डॉक्टरकडे.

(त्याच कंपनीत शुगर तपासणी संपल्यावर आभार म्हणून सगळ्यांना पाव-पाव किलो कुंदा वाटला. मलाही मिळाला. चांगला होता.)

मच्छे_दुसरी_शिफ्ट

डॉक्टरांनी बायकांचं काहीच लिहिलं नाही, मी लिहिते.

मी असेंब्लीला आहे. आमच्या लाइनवर बहुतेक मुली खानापूर, नंदगड, कित्तूर बाजूच्या. सकाळी घरातनं निघताना पाणी पितात आणि मग थेट घरी गेल्यावर. का? बाथरूम दुसऱ्या शेडला, जायचं तर लाइन लीडरला विचारायचं, तो रिलीव्हर (बदली माणूस) देणार, मग जायचं. आणि तिथं कडी नाही. उन्हाळ्यात निम्म्या मुलींना लघवीला जळजळ. गेल्या वर्षी कंपनीनं 'हायड्रेशन चॅलेंज' ठेवलं होतं, प्रत्येकीला बाटली दिली, त्यावर कंपनीचं नाव. बाटल्या चांगल्या आहेत, घरी मुलं शाळेत नेतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं महिन्याला एक दिवस पगारी मासिक पाळी रजा मंजूर केली, खासगी कंपन्यांना पण. चांगलं आहे. पण ती मागायची कुणाकडं? पुरुष सुपरवायझरकडं, सगळ्या लाइनसमोर. म्हणून मुली सरळ 'पोट दुखतंय' म्हणून बिनपगारी टाकतात. तुम्ही एचआर आहात ना? अर्ज एखाद्या बाईकडं द्यायची सोय करा, कारण विचारायचं नाही. एक रुपया लागत नाही.

आणि दुसरी शिफ्ट सुटल्यावर बस गावाच्या फाट्यावर सोडते, फाट्यापासनं गाव पुढं आहे. तेवढं अंतर भाऊ किंवा नवरा न्यायला येतो, म्हणजे तो पण जागा. त्याचा वेलनेस कोण बघणार?

टिळकवाडीची_सून

कडीचं वाचून अंगावर काटा आला. +१ सगळ्याला.

जॉबवर्कवाला

धाग्यात सगळे कामगारांच्या बाजूचे दिसतात, म्हणून मालकाची बाजू. माझं स्वतःचं छोटं युनिट आहे, चाळीस माणसं.

मास्क दिले. चांगले, महागाचे. दहा मिनिटांत गळ्यात. "सर गुदमरतंय." ओव्हरटाइम बंद केला तर पोरं शेजारच्या शेडला जातात, कारण कर्जाचा हप्ता असतो. बाराला शिफ्ट सुटल्यावर सहाला परत कामावर येणारा माणूस मी घरी पाठवला, तर तोच रुसला. तुम्ही मोठ्या कंपनीचे लोक सहा लाखांवर चर्चा करालाय, मला जॉबवर्कचा दर तीन वर्षांपूर्वीचाच मिळतोय. गिऱ्हाइकाला वेलनेसचा रकाना पाहिजे, पण रेट वाढवा म्हटलं की ऐकू येत नाही. त्यांच्या कानाची पण तपासणी करा.

फेटलिंगवाला

जॉबवर्कवाले, रागावू नका, पण गुदमरतंय हे खरंच आहे. त्या गरमीत, घामात, घट्ट मास्क घालून ग्राइंडर चालवून बघा एक तास. म्हणून तर म्हणालोय, मास्क शेवटी. आधी धूळ उडू नये म्हणून बघायचं: वाळू ओली करून झाडायची, हूड जवळ घ्यायचा, अंगावर एअर मारणं बंद. आमच्यात एक व्हॅक्युम आणला आणि दाराजवळ टांगला, पहिले चार दिवस हसले, आता तोच वापरतात. एअरच्या पाइपेला नोझल बदलून लॉक केलं, हे पण करावं लागलं, नुसतं सांगून कोण ऐकतंय.

ओव्हरटाइमचं मात्र तुमचं बरोबर आहे. हप्त्याचं काय करायचं ते मला पण माहीत नाही.

लेबर_कन्सल्टंट_गोवावेस

हप्त्यावर मी बोलतो. ह्या भागातल्या कामगाराचा ताण म्हणजे निम्मा मायक्रोफायनान्स. आठवड्याचा हप्ता, घरासमोर येऊन बसणारे वसुलीवाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला तो उगाच नाही. असल्या माणसाला ध्यान शिकवण्यापेक्षा बिनव्याजी पगारी उचल द्या, पाच हप्त्यांत कापा. सहा लाखांतले दोन लाख असे फिरते ठेवले तर ते परत येतात, संपत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात, कारण ह्यातलं बरंच 'वेलनेस' नसून देणंच आहे. दुप्पट दराने ओव्हरटाइम, प्यायचं पाणी, संडास-मुतारी, प्रथमोपचार: १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा: पगार २१,००० पर्यंत, कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. हे अर्ध्या कामगारांना माहीतच नसतं, ठेक्यावरच्यांना तर आपलं कार्ड आहे का नाही हेही नसतं. तुमच्या ठेकेदाराची चलनं आणि हजेरीपट समोरासमोर ठेवून बघा, त्याला खर्च नाही.

नवीन: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला वर्षातून एकदा फुकट आरोग्य तपासणी. कँटीनची अट जुन्या कायद्यात अडीचशेच्या वर होती, नव्यात शंभर, आणि त्यात ठेक्यावरचे धरून. धागाकर्त्याचे दोनशे आहेत म्हणे. साहेबांना आजच सांगा.

उद्यमबागकर

कँटीनचं सांगितलं. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते झुंबा किती म्हणाला होता?"

निपाणीचा_वखारवाला

तुमच्याकडे निदान ऑडिटर तरी येतो. आमच्याकडं विडी वळणारी बाई घरात बसून वळते, मांडीवर सूप, त्यात पानं आणि जर्दा, शेजारी पाळणा. हजारावर मजुरी, त्यातनं छाट (नापास विड्या) निघाली की तेवढी गेली. मान, पाठ, बोटं, आणि श्वासात तंबाखू, ते पण सगळ्या घराच्या. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीतनं दवाखाना, पोरांची शिष्यवृत्ती मिळायची. त्याचा सेस २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला. तिला 'एम्प्लॉयी' म्हणायला कुणी तयार नाही, तिच्या वेलनेसचा रकाना कुणाच्या फॉर्मात येणार? एवढंच. चालू द्या तुमचं.

व्हॅक्सिनडेपो

निपाणीकरांनी गप्प केलं. यावर वेगळा धागा काढाच, मी लिहीन.

मनाच्या बाबतीत एक राहिलं: कामगारांना टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांगा. फुकट आहे, चोवीस तास, कन्नड-मराठी दोन्हीत बोलता येतं. आणि गरज पडली तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, बेंगळुरूला निम्हान्सला पळायची गरज नाही. बोर्ड लावाल तो संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून असला नंबर कुणी उतरून घेत नाही.

मच्छे_दुसरी_शिफ्ट

दाराला कडी लावल्यावर.

शहापूरचा_डॉक्टर

शिफ्टचं एक राहिलं, फुकटचं आहे. शिफ्ट फिरवताना सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरवा. रात्र, दुपार, सकाळ अशी उलटी फिरवली की शरीराला जास्त जड जातं. बऱ्याच कंपन्यांत उलटी चालते, कारण तशी पूर्वीपासून चालते.

उद्यमबागकर

आठवड्यानं परत आलोय. प्रस्ताव असा गेला: डक्ट आणि दोन हूडची दुरुस्ती, व्हॅक्युम, महिन्यातून दोनदा नर्स, फाउंड्री-फेटलिंगचे एक्स-रे आणि कानाची तपासणी (रिपोर्ट डॉक्टरकडेच), बायकांच्या बाथरूमची दुरुस्ती, आणि उचलीसाठी दीड लाख. पाळी रजेचा अर्ज अकाउंट्समधल्या मॅडमकडे जाईल, त्या तयार आहेत. शिफ्ट पुढे फिरवायला प्रॉडक्शनवाले "बघू" म्हणाले.

मंजूर झालं काय? उचल सोडून सगळं. उचलीला साहेब म्हणाले, "आपण बँक आहोत काय?" कँटीनचा विषय पुढच्या मीटिंगला. आणि एक शनिवार योगा ठेवावाच लागला, ऑडिटरच्या फोटोसाठी. त्याचे अठरा हजार गेले.

ठेक्यावरच्या लोकांना नर्स आणि एक्स-रेमध्ये धरलंय, त्यावर मात्र मी हटलो नाही. फेटलिंगला निम्मे तेच आहेत.

लेबर_कन्सल्टंट_गोवावेस

उचलीचं सोडू नका. पतसंस्थेशी बोलून बघा, पगारातून कपातीची हमी कंपनीनं दिली तर त्या देतात. साहेबांना बँक व्हावं लागत नाही.

जॉबवर्कवाला

व्हॅक्युम कुठला घेतला? आणि डक्टवाला कोण? माझा पण कागद पडला खाली. व्यनि करा.